अंगठा माझा नव्हे

मी, गुणाबाई भ्रतार कै. नागोजी पोवार, वय अंदाजे साठ, धंदा विड्या वळणे, राहणार निपाणी, तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे कुरकुरतात, पण डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी भांडून पाहावे.

१) राहते घर मी माझ्या कमाईतून घेतले आहे. ते माझ्यामागे माझी विधवा सून शालन हिचे. त्यात दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

हे ठासून लिहिण्याचे कारण माझा पुतण्या भावकू. आई गेल्यावर तो माझ्याच ताटात जेवून वाढला. चार सालांमागे त्याने तोंडावर पदर ओढलेली कोणी बाई गुणाबाई म्हणून कचेरीत उभी केली आणि या घराचे खरेदीखत करून घेतले. कोर्टात माझा अंगठा घेतला, तर उमटला नुसता काळा डाग. खतावरच्या अंगठ्याला मात्र नव्या नवरीसारख्या रेखीव रेषा. साहेबांनी विचारले, "बाई, तुमच्या रेषा कुठे गेल्या?"

मी म्हणाले, "विड्या वळून झिजल्या, सायेब. ह्या भावकूला जेवू घालाय लई विड्या वळाय लागल्या."

साहेबांना हसू आवरेना. खत खोटे ठरले.

२) भावकू आता शहाणा झाला आहे. हल्ली तो न्हाणीत दगडावर अंगठा घासत बसतो, असे शेजारीण मनुबाईने पाहिले. म्हणून माझा टाच घासायचा दगड त्याला द्यावा. तो चांगला खरखरीत आहे. सणाला त्याला जेवायलाही बोलवावे. माझा राग आहे, पण पोरगे माझेच आहे.

३) कात्री, सूप आणि पान कापायचा पत्रा विकून टाकावा. शालनने विड्या वळू नयेत. ती चौथी शिकली आहे, तिने शिवणयंत्र घ्यावे. तिच्या अंगठ्यावरच्या रेषा जन्मभर राहाव्यात, एवढीच माझी इच्छा आहे.

४) शालनने मला विडीच्या पानांच्या कातरणांवर सुईने अक्षरे गिरवायला शिकवले. गेल्या दिवाळीपासून मी सगळीकडे सहीच करते. भावकूला याचा पत्ता नाही. हा कागद बंद लखोट्यात बेळगावच्या रजिस्ट्रार कचेरीत राहील. दिवाळीनंतरच्या तारखेचा माझ्या नावाचा अंगठा कोणी आणला, तर तो रेषांचा असो की बिनरेषांचा, माझा नव्हे.

मुक्काम निपाणी, ता. ६ फेब्रुवारी १९३९.

साक्षीदार:
जिनाप्पा मगदूम, किराणा दुकानदार. सही.
मनुबाई, शेजारीण. निशाणी डाव्या अंगठ्याची. रेषा उमटत नाहीत.

लिहिणार परशराम. बाईंनी सही आम्हा सर्वांसमोर केली. मध्ये एकदा घाम पुसला. हात कोणी धरला नाही.

गुणाबाई नागोजी पोवार