चौदा महिन्यांचा मालक

३ फेब्रु., सोमवार. नांदेड
टँकर कंपनीचा फॉर्म आणला. चार पानं. माझं लग्न जमवतानाही कुणी एवढी चौकशी केली नव्हती. दहा वर्षांत कोणत्या मालकाची गाडी चालवली, कधी धरली, कधी सोडली, महिन्यासकट. सगळं भरलं. मधले चौदा महिने तेवढे कोरे राहिले. तेव्हा मी हदगावला घरीच होतो. अंगणात चहा पिताना फिट आली, महिन्याभरात दुसरी. मग इथला दवाखाना, गोळ्या, आणि डॉक्टरांचं बोलणं, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. जिनिंगवर काट्यापाशी बसून कापसाची वजनं लिहीत होतो.
बायको उज्ज्वला म्हणाली, "जे हाय ते लिहा." पेट्रोलचा टँकर मागायचा आणि फिट लिहायची. म्हणजे झालंच.
तीन वर्षांत पुन्हा आलेली नाही. गोळीही मीच बंद केली. उ.ला वाटतं चालू आहे.

५ फेब्रु., बुध. लातूर
जुन्या मालकांकडं, अप्पांकडं गेलो. विशीत यांच्याच ट्रकवर हात बसला माझा. खरं काय ते सांगितलं, फिटसकट, आणि म्हटलं, ते चौदा महिने तुमच्याकडं होतो असं पत्र द्या. वाटलं आढेवेढे घेतील.
"हाव की. त्यात काय? आपलाच माणूस तू."
पत्रात गाडीचा नंबर स्वतःहून टाकला, ४४१७. मग जुनं हजेरीचं रजिस्टर काढलं आणि त्या महिन्यांच्या पानांवर माझ्या सह्या घेतल्या. "कंपनीचा फोन आला तर ताळमेळ बसाया पायजे." जेवल्याशिवाय सोडलं नाही. स्टँडपर्यंत मोठ्या मुलाला मोटारसायकलवर सोडायला लावलं. नोकरीत होतो तेव्हा यांनी पाण्याला विचारलं नाही कधी. मुलानं स्टँडवर उतरवलं आणि माझ्याकडं न बघता गाडी वळवली.
असो. काम झालं.

११ फेब्रु., मंगळ.
लागलो! कंपनीनं लातूरला फोन करून विचारलं म्हणे, अप्पांनी तोंड भरून कौतुक केलं. सुपरवायझर साहेब बाकीच्या ड्रायव्हरांसमोर म्हणाले, "दहा वर्षांत एक महिना खाडा नाही. बघा, असं पाहिजे." मी बुटांकडं बघत उभा.
घरी पेढे नेले. पोरगी बारावीला आहे, पुढचं शिक्षण नांदेडलाच करायचं ठरवून टाकलं तिनं. उ.नं पेढा हातात घेतला आणि परत डब्यात ठेवला.

२० फेब्रु., गुरु.
भोकर रोड. भरलेला टँकर. सकाळचे दहा, ऊन, रस्ता मोकळा. पुलाआधी एक टपरी लागते, ती दिसली. मग एकदम पुढचं गाव. मधला पूल आठवत नाही. डावा अंगठा आपोआप हलत होता.
झोप कमी झाली असेल.
झोपच असेल. काल आठ तास झोपलो होतो पण.
उ.ला सांगितलं नाही. उद्यापासून गोळी परत सुरू करतो. जुनी पट्टी आहे, तारीख उलटलेली.

२६ फेब्रु., बुध.
दुपारी फोन. लातूरकडच्या एका ठाण्यातून जमादार बोलत होता. "४४१७ वर तुम्हीच होता ना?" मी सवयीनं हो म्हटलं. पंधरा दिवस तेच पाठ करत होतो.
मुरुडजवळ तीन वर्षांपूर्वी या गाडीनं एका मोटारसायकलवाल्याला उडवलं. गाडी थांबली नाही. माणूस जागेवर मेला. ड्रायव्हर कोण ते मालकाला इतके दिवस 'आठवत नव्हतं'. आता आठवलं. रजिस्टर सापडलं, त्यावर सह्या आहेत.
माझ्या सह्या.
उ.नं विचारलं कुणाचा फोन, म्हटलं कंपनीचा.

२७ फेब्रु., गुरु. लातूर
अप्पांचं दार वाजवलं. दारातच बोलले, आत या म्हणाले नाहीत. "हो म्हणून टाक. जामीन लगेच करतो. केस लई वर्सं चालती, वकील माझा. तुझी नोकरी ऱ्हाती, माझं घर ऱ्हातं."
म्हटलं, गाडी कोण चालवत होतं?
"तू. लिव्हलंय की."
आणि जाता जाता, "न्हाई म्हणलास तर मला बी कंपनीला सांगावं लागंल, ह्याला फिट येती म्हणून."
मोठा मुलगा आतल्या खोलीच्या दारात उभा होता. माझ्याकडं बघून आत गेला. तेव्हा कळलं कोण चालवत होतं ते.
आगीतून फुफाट्यात म्हणतात, ते हेच. आग मीच लावलेली.

२८ फेब्रु., शुक्र.
उ.ला सगळं सांगितलं. गोळीचंही, पुलाचंही. रडली नाही. कपाटातून दवाखान्याची फाईल काढून पुढ्यात ठेवली. अपघाताच्या आठवड्यात मी तिथं ॲडमिट होतो, डिस्चार्ज कार्डावर तारखा आहेत. "ही दाखवा, सुटाल."
सुटेन. आणि पुन्हा कुठली गाडी हातात येणार नाही. मला दुसरं काही येत नाही.
"पूल इसरलात तुम्ही," एवढंच म्हणाली.

३ मार्च, सोम.
ठाण्यात गेलो ते वेळ काढायच्या बेतानं. वकील बघतो, मग सांगतो, असं म्हणायचं होतं. फाईल घरी ठेवून गेलो.
बाकड्यावर एक म्हातारा बसलेला, मांडीवर कापडी पिशवी. जळकोटकडचा. मेलेल्याचा बाप. मी कोण ते जमादारानं त्याला सांगितलं आणि कागद शोधायला लागला. म्हातारा सरकत माझ्याजवळ आला. वाटलं गळा धरेल, धरला असता तर बरं झालं असतं.
हळूच म्हणाला, "म्या भांडाया आलो न्हाई बाबा. येवढंच सांग, माजं लेकरू लगीच गेलं का? का पानी मागत व्हतं?"
मला राहवलं नाही. म्हटलं, "लगेच गेला, काका. त्रास नाही झाला त्याला."
म्हाताऱ्यानं माझे दोन्ही हात धरले आणि रडला. जमादारानं मान वर केली, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि लिहायला घेतलं.
मी तिथं नव्हतो. त्या वर्षी त्या रस्त्यानं गेलोसुद्धा नाही मी.
तरी ते वाक्य माझ्या तोंडून कसं सहज

४ मार्च, मंगळ.
ड्युटीवर गेलो नाही. पोट बिघडलं असं कळवलं. साहेब म्हणाले, गुरुवारी लोड पक्का, हैदराबाद.
उ. म्हणते, "दया आली म्हणून बोललो, असं सांगा. खोटं एकदा निस्तरलं की निस्तरलं." तिला सोपं वाटतं. जमादाराला काय सांगू? म्हातारा माणूस होता, त्याला बरं वाटावं म्हणून खून कबूल केला? स्वतःच्या बोलण्यावर माझाच विश्वास बसत नाही.
भीती वाटते. तुरुंगाची वाटते, आणि पुलाचीही.

५ मार्च, बुध.
सकाळी आठला अनोळखी नंबर. म्हातारा. जमादाराकडून नंबर घेतला म्हणाला. मला वाटलं आता शिव्या देईल.
"तू बोललास त्ये घरी सांगितलं. त्याची माय काल पोटभर जेवली बाबा. लई दिसांनी." मग म्हणाला, "आज मी बी यून राहिलो ठाण्यात. तुज्यावर जास्ती लावू नका म्हनून सांगतो."
मी 'बरं' म्हटलं.
जबाब दुपारी दोनला आहे. उ.नं फाईल पिशवीत घातली, चप्पल घातली, दारात उभी आहे. सोबत येते म्हणते. मी अजून उठलेलो नाही.