हनुवटीवरचा वण

वसई, ता. ४ नोव्हेंबर १९५१

ती. विद्याधरदादांस,
गुरुदत्तचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. माणिकपूरच्या फ्रेडरिक मास्तरांनी त्यांचा जुना बॉक्स कॅमेरा मला वापरायला दिला आहे, आणि मी वाडीत नुसता धुमाकूळ घातला आहे. आबा म्हणतात, केळींना पाणी कमी आणि फोटोच जास्त! सोबत तीन फोटो पाठवतो. एकेकच प्रत आहे, जपा. तुम्ही पंधरा वर्षं दादरच्या स्टुडिओत आहात, तेव्हा भीड न ठेवता चुका सांगा.

तिसरा फोटो आपल्या बहिणीचा, अनसूयेचा. वाडीतल्या तळ्यावर, बावखलाच्या काठी ती कपडे पिळत असताना मी हाक मारली आणि ती हसत वळली. आगाशीच्या मंडळींनी मुलीचा फोटो मागवला आहे. स्थळ चांगलं, मुलगा शिक्षक, आणि अनसूयेच्याही मनात भरला आहे. हाच फोटो पाठवावा असं आबांना वाटतं. तो पाहून ते म्हणाले, घराण्यात खरा फोटोग्राफर आता झाला. तुमचं मत कळलं की पाठवू.

लोभ आहेच, वेळ पडली तर कानही उपटा.
आपला, गुरुदत्त

दादर, ता. ९ नोव्हेंबर

चि. गुरुदत्त यास अ. उ. आ.

घराण्यातल्या खऱ्या फोटोग्राफराला या नकली फोटोग्राफराचा नमस्कार! आबाकाकांना सांग, पंधरा वर्षं मी इथे लोकांचे चेहरे सुधारत बसलो आहे, त्याबद्दल त्यांच्या एकाही पत्रात चकार शब्द नाही. तू एक खटका दाबलास आणि लगेच डोक्यावर घेतलं. असो. मला काय त्याचं!

आता चुका. पहिल्यात बैल आहे की बांध, कळत नाही; चार पावलं पुढे जाऊन काढावा. दुसऱ्यात नारळ कलला आहे. कॅमेरा पोटाशी घट्ट धरावा, श्वास रोखून खटका दाबावा. हे शिकशील.

तिसरा मात्र साफ फसला. अर्ध्या तोंडावर सावली, केस विसकटलेले, दात दिसताहेत. लग्नाच्या मुलीचा असा फोटो कोणी पाठवतं का? पाहणारे म्हणतील, पोरगी हुंदडणारी आहे. १८ तारखेच्या रविवारी तिला घेऊन ये, नीट खुर्चीत बसवून काढू. दोन फोटो परत पाठवतो. हा ठेवून घेतो, भलत्याच्या हाती पडायला नको.

काकूंना नमस्कार. रागावू नकोस, चार शब्द माझेही ऐकत जा.
तुझा दादा

वसई, ता. २८ नोव्हेंबर

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

स्टुडिओतला फोटो मिळाला. काय तो गुळगुळीतपणा, काय ती शालूची जर! आई दिवसभर शेजारणींना दाखवत होती. फक्त अनसूयेच्या हनुवटीवरचा वण त्यात नाही. लहानपणी पेजेचं मडकं कलंडून भाजली होती, तो. मी विचारलं तर आबा म्हणाले, विद्याधर त्यातला जाणता आहे. तोच फोटो आगाशीला धाडला.

तुमचं खरं आहे दादा, मला त्यातलं काही कळत नाही. माझ्या फोटोची निगेटिव्ह चुलीत टाकली आणि कॅमेरा मास्तरांना परत करून आलो. आता मी बरा आणि माझी केळी बरी.

कृपा आहे तशी असू द्या.
गुरुदत्त

वसई, ता. २० डिसेंबर

ती. दादांस अनसूयेचा शि. सा. न. वि. वि.

घरात दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. सोमवारी आगाशीची मंडळी आली. मुलाच्या आईने पिशवीतून तुमचा फोटो काढला, तो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. म्हणाल्या, वणाचं काही नाही हो, पण तो लपवलात, मग आणखी काय लपवलं असेल? पोह्यांना हात न लावता उठल्या. मुलाने जाताना मागे वळून पाहिलं, एवढंच.

आबांनी मान खाली घातली. गुरू तुमच्याविरुद्ध अवाक्षर बोलला नाही. म्हणाला, दादांनी भल्यासाठीच केलं असणार. मला मात्र तुमचा राग आला आहे. माझा वण पुसताना मला विचारायचं तरी होतं! बावखलावरचा फोटो तुमच्याकडे आहे. त्यात मी आहे तशी आहे. तो परत पाठवा, मीच आगाशीला पाठवणार आहे.

उत्तराची नाही, फोटोची वाट पाहते.
अनसूया

दादर, ता. २३ डिसेंबर

चि. गुरुदत्त आणि चि. अनसूया यांस अ. उ. आ.

फोटो सोबत आहे.

तो पाकिटातून काढला त्याच क्षणी माझ्या पोटात जळायला लागलं. असं हसू पंधरा वर्षांत मला एकाही चेहऱ्यावर आणता आलं नाही. मी नुसता निगेटिव्हवर पेन्सिलीने सुरकुत्या बुजवतो. गुरू, सावलीत काही चूक नव्हती, केसांत नव्हती, कशातच नव्हती. तो मी काढला नव्हता, एवढंच मला सहन झालं नाही. अनसूये, वण हाताच्या सवयीने पुसला गेला. पण तुझा खरा फोटो आगाशीला जाऊ दिला नाही, तो मत्सराने.

अजून आहे. मालकांनी तो माझ्या टेबलावर पाहिला, उजेडात नेला आणि विचारलं, कोणी काढला? मी म्हटलं, मी. महिनाभर तो स्टुडिओच्या दर्शनी काचेत होता. लोक थांबून बघत, आणि मला आत बसून बरं वाटे. काल मालकांना खरं सांगितलं. त्यांनी काचेचं कुलूप काढून दिलं.

फोटोच्या मागे मी माझं नाव लिहिलं होतं. ते खोडून गुरूचं लिहिलं आहे. खाडाखोड दिसते. ती तशीच ठेवली आहे.

लोभ मागायला तोंड नाही.
विद्याधर