आईकडून आलेली हाडं

सल्त, ३ नोव्हेंबर १९९९

ती. रुवैदाताईस,
हियामचा सलाम. वि. वि.

ऑलिव्ह उतरवताना शिडीवरून पडले नि मनगट मोडलं. डावं, म्हणून लिहितेय. हसू नकोस, दुसऱ्याच पायरीवरून पडले!

अम्मानची डॉक्टरीण म्हणाली, हाडं ठिसूळ झालीत. पाळी गेल्यावर बायकांची होतातच, पण आईचंही खुब्याचं हाड मोडलं होतं, म्हणजे हे घराण्यातून आलंय. ती अशाच घरांचा अभ्यास करते, बहिणींचं रक्त तपासते. कागदावर पहिलं नाव तुझं घातलंय. गुरुवारी जाऊन ये. सुईला घाबरतेस, ठाऊक आहे. अल्लाचं नाव घे नि डोळे मीट.

लोभ आहेच, सुईपायी कमी करू नकोस.
तुझी हियाम

करक, १४ नोव्हेंबर

चि. हियामला अनेक आशीर्वाद.

हात कसा आहे? छप्पन्नाव्या वर्षी शिडीवर चढायला कोणी सांगितलं होतं गं?

जाऊन आले. तुझी डॉक्टरीण पोरगी गोड आहे, चहा पाजला. मग माझ्या जन्माचं विचारलं. मी सरळ सांगितलं, जन्म देणारी तिसऱ्या दिवशी वारली, शेजारच्या तुझ्या आईनं तिच्या तान्ह्या गालिबबरोबर मलाही पदराखाली घेतलं. तिनं पेन उचललं नि माझ्या नावावर काट मारली. म्हणे, दुधानं नातं येतं, हाडं येत नाहीत. वयाचा धोका तुम्हालाही आहे, पण या घराण्याचा नाही. खूश व्हा, मावशी.

खूश! करकपर्यंत बसमध्ये रडत आले. शेजारची बाई मला नुकतीच विधवा झालेली समजून संत्रं सोलून देत होती. मीही खाल्लं, मेलं!

अगं, आई पडली तेव्हापासून मी धरूनच चालले होते की पुढचा नंबर माझा. दूधबहिणीला जमिनीत वाटा नसतो, तो मी कधी मागितलाही नाही. पण आईची हाडं तरी माझी आहेत, असं वाटायचं. तेवढंही गेलं.

लोभ असू दे, रक्ताचा नसला तरी.
रुवैदा

सल्त, २३ नोव्हेंबर

ती. रुवैदाताईस सलाम, आणि एक चापटही.

ठिसूळ हाडं मिळाली नाहीत म्हणून रडणारी बाई अख्ख्या जॉर्डनमध्ये तू एकटीच! आई अंथरुणाला खिळली तेव्हा चौदा महिने तिला उचललं कोणी? आम्ही सख्ख्या दोघी शुक्रवारी मक्लूबा-भाताचं पातेलं घेऊन यायचो, जेवायचो, रडायचो नि जायचो. ती हाक मारायची तुला. मला तुझा फार हेवा वाटायचा. कधी बोलले नाही, आज लिहिते.

ताई, मला आता भीती वाटते. आईसारखंच होईल माझं. न्हाणीघरातसुद्धा भिंत धरून जाते.

सोमवारी प्लास्टर निघेल. डॉक्टरीण म्हणाली, सोबत घरचं कोणी आणा, पुढचं औषधपाणी समजावून सांगते. म्हटलं, थोरली बहीण येईल. कोणती, म्हणून तिनं कागद पुढे ओढला. मी म्हटलं, तुम्ही काट मारलीत ती.

रविवारीच ये. लोभ आहे तस्साच राहू दे.
तुझी धाकटी,
हियाम