चौदा नंबरचा कागद

१२ जानेवारी १९६२, अकोला

नव्या डॉक्टरांनी आज भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथे स्वतःच्या हाताने लिहिलेले सहा प्रश्न लावले. डॉक्टर खांबेटे, पुण्याचे. प्रश्नही पुण्याचेच! मला म्हणाले, "सिस्टर, ज्यांच्या हृदयाची भिंत जाड झालीय त्या प्रत्येकाला हे विचारायचं. शब्द बदलायचे नाहीत."

शब्द बदलले नाहीत तर इथल्या माणसाला कळणार काय? पण 'बरं' म्हटलं. नवी माणसं आठ दिवसांत आपोआप वळणावर येतात, असा माझा अनुभव आहे.

१९ जानेवारी

वळणावर यायचं लक्षण नाही. पण माणूस कामाचा आहे, हे कबूल करते.

आज त्यांनी दोन एक्स-रे उजेडासमोर धरून समजावलं. रक्ताचा दाब वर्षानुवर्षं चढा राहिला की हृदयाला जोर लावून रक्त ढकलावं लागतं. ओझी उचलून हमालाचा दंड भरतो तशी हृदयाची भिंत भरत जाते. बरीच वर्षं ते निभावून नेतं. मग एक दिवस थकतं, आणि छातीत पाणी साचायला लागतं. "कोण थकणार ते आधी कळलं पाहिजे," म्हणाले. "सूज आल्यावर तर कुणीही सांगेल."

म्हणून हे प्रश्न. कितव्या पायरीवर दम लागतो, पायावर बोट दाबल्यावर खड्डा राहतो का, रात्री किती उशा घेता. आडवं झालं की छातीतलं पाणी वर चढतं, माणूस गुदमरतो, मग एकाच्या दोन उशा होतात, दोनाच्या तीन. डॉक्टर सगळ्यात जास्त भरवसा याच प्रश्नावर ठेवतात.

टेबलावर रोग्यांच्या कागदांचे दोन गठ्ठे. डावीकडचे सहा महिन्यांनी यायचे. उजवीकडच्यांना मीठ बंद, गोळ्या, आणि दर पंधरवड्याला हजेरी.

२० जानेवारी

माणिकबाईंचं हृदय सगळ्यांत मोठं, एक्स-रेत अर्ध्याहून जास्त छाती व्यापलेली. बाई बार्शीटाकळीच्या अलीकडून चालत आल्या होत्या! डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा उजेडासमोर धरला.

४ फेब्रुवारी

माझ्या बाला शेवटी आणलं. मूर्तिजापुरात घरून स्टेशनपर्यंत येईस्तो तीन वेळा परत फिरला, मायने सांगितलं. कापसाच्या जिनात रुईच्या गाठी उचलून एकोणतीस वर्षं झाली, आजवर दवाखान्याची पायरी चढला नाही याचा त्याला गर्व.

दाब मी दोनदा मोजला. दोनशे दहा! एक्स-रे काढला. भिंत जाड. नंबर चौदा. देवमन, वय ५२.

प्रश्न मीच विचारले. बाप असला तरी शब्द न बदलता. "रात्री किती उशा घेता?"

"उशी? मले कायले उशी? मी का जमीनदार हावो?"

डॉक्टरसुद्धा हसले. मी लिहिलं: शून्य. कागद डाव्या गठ्ठ्यात गेला. जाताना बा फाटकापाशी मला म्हणतो, "तुह्या डॉक्टरले सांग, माहं दिल मोठं हाये हे गावाले पयलेच मालूम होतं."

इतके दिवस टाळलं म्हणून त्याच्यावर रुसले होते, ती हसले.

६ मार्च

अठ्ठावन्न कागद झाले. डाव्या गठ्ठ्यात एकोणपन्नास. उशीवाला एकही नाही. डॉक्टरांना वाटतं, इकडच्या लोकांची प्रकृती काटक.

मलाही तसंच वाटलं, म्हणजे मला अभिमानच वाटला.

२३ मार्च

नत्थुजी आले, नंबर सहा. आले म्हणजे बैलगाडीतून आणले. ओठ निळे, तोंडाला फेस, गाडीतही बसूनच होते. डावा गठ्ठा, जुलैत यायचे होते. डॉक्टरांनी दंडाची शीर धरून इंजेक्शन दिलं, मी पाठीला टेकू देऊन बसले. "आडवं नोका करू बाई, आडवं नोका करू," एवढंच म्हणत होते.

२४ मार्च

सकाळी गेले.

२५ मार्च

पार्वताबाई, नत्थुजींच्या पत्नी, कपडे न्यायला आल्या. रडून झालेलं होतं. मी चहा दिला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, जानेवारीत तर त्यांना चांगली झोप लागत होती ना, उशीसुद्धा लागत नव्हती.

"उशी नव्हतीच तं लागन कशी?" त्या म्हणाल्या. "म्या बाजेले विटा लावल्या होत्या ना. डोस्क्याकडच्या खुराईखाली. दिवाळीले एक-एक लावली. मंग संक्रांतीले दोन-दोन. आता तीन-तीन होत्या."

मी म्हटलं, हे तुम्ही सांगितलं का नाही?

"तुमी इचारलं कुठी बाई? तुमी उशीचं इचारलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी या भागातली. आमच्या घरात बाज. बाजेला विटा लावलेल्या मी लहानपणी पाहिलेल्या आहेत, आजीला दमा होता तेव्हा. उशा अभ्रे घालून मांडून ठेवणारं एकही घर आमच्या आळीत नव्हतं. पुण्याच्या माणसाला हे ठाऊक नसणार, ते ठीक. पण मला? सरकारी साडी नेसून खुर्चीत बसले आणि भिंतीवरच्या प्रश्नापुढे स्वतःचं घर विसरले.

२६ मार्च

डॉक्टरांना सांगितलं. आरडाओरडा करतील अशी तयारी करून गेले होते. त्यांनी ऐकलं, चष्मा पुसला, भिंतीवरच्या कागदावरची उशीची ओळ पेन्सिलीने खोडली आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. "तुम्ही लिहा. तुमच्या शब्दांत."

मी लिहिलं: बाजेले किती विटा?

८ एप्रिल

डावा गठ्ठा पुन्हा विचारून काढतो आहोत. कुणाला पोस्टकार्ड, कुणाच्या गावी बाजाराच्या दिवशी निरोप. एकतीस जण येऊन गेले. अकरा जणांच्या बाजेला विटा! एकजण बाजच सोडून पोत्याला टेकून झोपतो. हे अकरा अन् तो एक, सगळे उजवीकडे गेले. गोळ्या सुरू.

एक्स-रे लावून बघते तर या बारांतल्या कितीतरी जणांची हृदयं चालत येणाऱ्या माणिकबाईंपेक्षा बरीच लहान. हृदय किती जाड झालं यावरून त्याने आजवर किती सोसलं ते कळतं. आणखी किती सोसेल ते घरी कळतं, बाजेपाशी.

बाचा कागद हातात घेतला आणि परत ठेवला. जयंतीला घरी जाणारच आहे.

१५ एप्रिल

काल घरी. चौदा एप्रिल, सगळा मोहल्ला रस्त्यावर, निळे झेंडे, मिरवणूक. उन्हाळा, म्हणून सगळ्यांच्या बाजा अंगणात, पाहुणे त्यांवर बसलेले. बाची बाज कोणती तेही कळेना.

जेवताना मी विटांची गोष्ट सांगितली. कबूल करते, तिखटमीठ लावून सांगितली. डॉक्टरांनी पेन्सिल कशी पुढे केली, पुण्याचा प्रश्न मी कसा खोडायला लावला. भाऊ म्हणाला, "आपल्या शकुननं डॉक्टरले शिकोलं!" माय नुसती बघत होती. बाने सगळ्यांत मन लावून ऐकलं. दोनदा विचारलं.

"मंग विट असन तं काय करते तुमी?"

उजवा गठ्ठा, म्हटलं. जिनातलं काम बंद. कुणीतरी जवळ पाहिजे.

"अन् नसन तं?"

तर काही नाही. मग तुझं सांग, विटा आहेत का?

"मी का म्हतारा झालो?" म्हणाला, आणि नागपूरच्या ट्रेनिंगचं विचारायला लागला. मी त्या जागेसाठी अर्ज केल्यापासून त्याला दुसरा विषय नाही. मला नर्सिंगला घातलं तेव्हा भाऊ आठ दिवस जेवला नव्हता. बाने मला स्वतः स्टेशनवर सोडलं होतं, माझी ट्रंक डोक्यावर घेऊन. आता मी वॉर्डची मुख्य सिस्टर व्हावं, एवढंच त्याचं म्हणणं.

२ जून

नागपूरचं पत्र आलं. निवड झाली! वर्षभराचं ट्रेनिंग, दोन जुलैला हजर व्हायचं.

आनंद झाला आणि लगेच चौदा नंबर आठवला. त्याच्या बोलण्यावर लिहिलेलं शून्य मला चालणार नाही. बाज डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी नागपूरला जाणार नाही, हे ठरवलं. घरी कार्ड टाकलं, दहा तारखेला रविवारी येते.

१० जून

बाज बघितली. विटा नाहीत!

पाऊस तोंडावर आला म्हणून बाजा घरात घेतल्यात. बाची भिंतीलगत, चारही खूर जमिनीला. मायने माझ्यासाठी जमीन ताजी सारवून ठेवली होती, शेणाचा वास घरभर. बा म्हणाला, "घे, पाहून घे. तुह्या डॉक्टरचा इसवास नाई ना." आणि बाजेवर लांब झाला, उताणा, दोन्ही हात डोक्याखाली. तसाच पडून अर्धा तास माझ्याशी बोलला. खरं तर मीच बोलले, तो हो-हो म्हणत होता. नागपुरात वसतिगृह कसं, जेवण कसं. मध्येच डोळे मिटायचा. मी म्हटलं, झोप आली का, तर हसला.

दाब अजून चढा आहे. मिठाचं मायला बजावलं, लोणच्याची बरणी वर ठेवून आले. पण श्वास आडवा होऊनही चालतो, म्हणजे हृदय निभावून नेतंय. गाडीत बसल्यावर एकटीच रडले, सुटल्यासारखं वाटलं म्हणून.

११ जून

चौदा नंबरवर लिहिलं: विटा शून्य, स्वतः पाहिलं. खाली सही केली. डॉक्टर म्हणाले, "आता निश्चिंत जा."

२७ जून

ट्रंक भरली. विटांमुळे उजव्या गठ्ठ्यात गेलेल्या बारांपैकी एकही दगावलेला नाही. पार्वताबाईंना हे कळवावं असं वाटलं. कार्ड लिहिलं, पण टाकलं नाही. त्यांना त्याचा काय उपयोग?

३० जून

मैनावहिनी आली. भावाला न सांगता, सकाळच्या गाडीने. दारातच उभी राहून मामाजींबद्दल, म्हणजे बाबद्दल, बोलली.

"ताई, तुमी आल्या त्या दिवशी मामाजीनं सकाळीच विटा काढल्या. खुना दिसू नये म्हनून मायकडून जमीन सारवून घेतली. तुमची गाडी सुटली अन् आमी परत लावल्या. आता तीन-तीन हायेत. मले शपथ घातली होती त्याईनं, नागपूर होऊ दे म्हने."

तो अर्धा तास. डोळे मिटत होता, आणि मी वसतिगृहाच्या जेवणाचं सांगत होते. काय लपवायचं तेही मीच सांगून आले होते, तिखटमीठ लावून.

चौदा नंबरचा कागद उजव्या गठ्ठ्यात ठेवला, सगळ्यांत वर. डॉक्टर बॅग घेऊन स्वतः येतायत. मूर्तिजापूरची गाडी अकरा वीसला आहे.