मागच्या दोन स्प्रिंगा

तीर्थरूप दादास, धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (वाकून हे खरंच लिहिते आहे, चार दिवस झाले, सरळ उभं राहता येत नाही. कारण पुढे येईल.) तुझं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? वहिनी तुला गोड खाऊ देत नाही हे ऐकून बरं वाटलं.

तू ह्यांच्या दोन सीटांच्या लाल गाडीला गिऱ्हाईक आणलंस, ते गृहस्थ सज्जन आहेत. पण त्यांची अट विचित्र. चारही शॉकअप आणि स्प्रिंगा कंपनीतून निघाल्या तशाच हव्यात, नाहीतर गाडी नको. मी म्हटलं, त्यात काय बघायचं? हे जाईपर्यंत सांगत राहिले की ह्या गाडीचा एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही. (पाहुण्याने चप्पल काढायच्या आत सांगायचे.) पण खात्री करावी म्हणून ह्यांच्या जुन्या मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी गाडी जॅकवर चढवली, खाली लाकडी ठोकळे लावले, पार्टांचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि स्वतः स्टुलावर बसून राहिले. म्हणाले, तुम्हीच बघा ताई, माझी नजर कमी झाली आहे. मग काय, चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेली बाई टूथब्रश आणि रॉकेल घेऊन गाडीखाली शिरली. (तेवढ्यात लेक आली, तिला फक्त माझे पाय दिसले, आणि तिने थेट डॉक्टरला फोन लावला. तो बिचारा धावत आला आणि चहा पिऊन गेला.)

पुढच्या स्प्रिंगांवरची माती घासली तर पुस्तकात लिहिल्याप्रमाणे हिरव्या रंगाचे दोन पट्टे निघाले. शॉकअपवर कोरलेला नंबरही तंतोतंत जुळला. मला शिवलेला कपडा पहिल्या खेपेत अंगाला बसावा तसा आनंद झाला. मागे मात्र कितीही घासलं तरी पट्टा निघेना. स्प्रिंगेच्या तारेभोवती दोरा गुंडाळला आणि टेपवर जाडी मोजली. पुढच्यापेक्षा बारीक, आणि पुस्तकात मागच्यांची दिली आहे त्याहूनही बारीक. मागच्या शॉकअपवरचा नंबर शोधला तर तो निघाला त्याच कंपनीच्या चार दारांच्या साध्या घरगुती गाडीचा. तीन दिवस मी हे पुन्हापुन्हा मोजलं, कारण आपला नवरा खोटं बोलत होता यापेक्षा आपली टेप चुकते आहे हे मानणं सोपं होतं.

शेवटी मेस्त्रींना सांगितलं. ते खाली बघत म्हणाले, "ते काम मीच केलंय, ताई. तुमच्या कमरेच्या ऑपरेशननंतर. साहेब म्हणाले, तिला गचके बसतात, मऊ घाला; पण तिला कळलं तर ती गाडीत बसायचीच नाही. शपथ घातली होती."

"मग मला तीन दिवस गाडीखाली का लोळवलंत?"

"तुम्हाला आपणहून सापडलं तर माझी शपथ मोडत नाही ना."

दादा, मी तिथेच फरशीवर बसून राहिले. कंबर बरी झाली म्हणून त्या काळात मी मालिशवाल्या बाईला दोन साड्या दिल्या होत्या. आणि ज्या माणसाला गाडीवर धूळ बसली तरी जेवण जात नसे, त्याने माझ्यासाठी तिच्या अस्सलपणावर पाणी सोडलं आणि मरेपर्यंत फुशारकी मारत राहिला. रडूही आलं, हसूही आलं. मेस्त्रींनी दोन्हीसाठी एकच हातपुसणं दिलं. खरं सांगते, हे गेल्यापासून वर्षभरात पहिल्यांदा जिवाला हलकं वाटलं.

तेव्हा त्या सज्जन गृहस्थांना कळव की गाडी अस्सल नाही. विकणं जमणार नाही. वहिनीस नमस्कार.

तुझी,
छोटी

ता. क. : मूळ स्प्रिंगा आणि शॉकअप मेस्त्रींच्या माळ्यावर तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले आहेत. अर्ध्या दिवसात बसतील. हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही.

दुसरा ता. क. : मी शिकाऊ लायसन काढलं आहे. शेजारी लायसनवालं माणूस बसावं लागतं, आणि लेक नाही म्हणते. तू पुढच्या आठवड्यात ये. गचके अजिबात बसत नाहीत.

तिसरा ता. क. : फाटकाचा डावा खांब तुला वाकलेला दिसेल. त्याबद्दल लेकीसमोर विचारू नकोस. स्प्रिंगांना काहीही झालेलं नाही.