कपाटातला चाळीसचा बल्ब

५ जुलै, शनि.
रिटायर होऊन पाच आठवडे झाले. आज पहिल्यांदा वाटलं, करायला काहीतरी आहे! घरातले सगळे दिवे बदलायचे. तीन वर्षांपूर्वी बेलापूरच्या क्वार्टर्समधून उलव्याला येताना ते पिवळे बल्ब आणि भुणभुणणाऱ्या ट्यूबा तशाच उचलून आणल्या होत्या. एलईडीचा खोका आणला. वै. म्हणाली, "अहो, आधी स्टूल तरी नीट धरा." बायकोचा उत्साह एवढाच.

६ जुलै, रवि.
हॉल, किचन, बाथरूम झालं. काय लख्ख उजेड! किचनच्या टाइल्स पांढऱ्या आहेत हे आज कळलं. वै. म्हणते, ऑपरेशन थिएटरात फोडणी घातल्यासारखं वाटतं. म्हणू दे. मीटररूममध्ये जाऊन आलो. आमचा लाल ठिपका आता किती निवांत लुकलुकतो! वॉचमनलाही दाखवला. "टेन्शन नका घेऊ साहेब, मीटर चालू हाय."

८ जुलै, मंगळ.
वै. तबल्याच्या क्लासला गेली तेवढ्यात बेडरूम उरकली. तिच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात चाळीसचा बल्ब, दिवसरात्र चालू! गेल्या पावसाळ्यातही तसंच. विसरत असेल. तिथेही छोटा एलईडी. तिच्या वडिलांची तबलाजोडी असते तिथे, आता छान दिसते. जुने सगळे भंगारात. फत्ते! वै.ला सांगितलं नाही. बघेल तेव्हा खूश होईल.

११ जुलै, शुक्र.
क्लासचा गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम रविवारी, २० ला. वै. सोलो वाजवणार!! लग्नाआधी वाजवायची, मग एकदम दोन वर्षांपूर्वी पुन्हा सुरू केलं. पावसात रियाज क्लासच्या जोडीवर, पण त्या दिवशी वडिलांचीच न्यायची. "बाबांचा हात लागलाय तिला." मी पहिल्या रांगेत बसणार.

१६ जुलै, बुध.
आज तिने कपाट उघडलं. तबल्याच्या पुडीवर, म्हणजे वरच्या चामड्यावर, बुरशी. थाप मारली तर नुसतं भद्द.
"अहो, इथला बल्ब?"
मी खुशीत सांगितलं, बदलला. ती खालीच बसली. तो उजेडासाठी नव्हताच, उबेसाठी होता. पावसात चामडं ओलावू नये म्हणून तबलेवाले असंच करतात म्हणे. फटीतून उजेड दिसत होता, म्हणून तीही निर्धास्त. "एकदा विचारायचं होतंत." एवढंच बोलली. मी गाढव आहे.

१७ जुलै, गुरु.
तिच्या सरांना मीच फोन केला. चामड्यावरची काळी शाई सुटली नसेल तर हळूहळू ऊब द्या, म्हणाले. गॅसवर अजिबात नको. म्हणजे जुना तारेचाच बल्ब हवा! उलव्यात तीन दुकानं फिरलो. "काका, कुठल्या जमान्यात आहात?" बेलापूरलाही नाही. उद्या उरणकडे.

१८ जुलै, शुक्र.
मिळाला!!! उरणजवळ मोरा बंदराला, जेट्टीपाशी. म्हातारा दुकानदार म्हणे, "कोंबरीची पिला हायत का घरान?" पिलांच्या उबेला नेतात म्हणे. तबल्यासाठी हवाय म्हटल्यावर उठला, मागच्या फळीवरून काढला, पेटवून दाखवला. "यो एकच हाय. संबालून न्या." रुमालात गुंडाळून आणला. रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याला ओरडलो. लावला, कप्प्यात हात घातला, ऊब! टाळ्याच वाजवल्या मी. वै. हसली नाही, पण चहा दोन कप केला.

१९ जुलै, शनि.
चामडं कोरडं वाटतंय. शाई जागच्या जागी. वै. हातोडी घेऊन बसली. ठोकते, वाजवते, पुन्हा ठोकते. मी दारात. राहवेना.
"आला का सूर?"
"तुम्हाला काय वाटतं?"
खरंच विचारत होती. आणि मला सांगता येईना. पाऊस सोडला तर दोन वर्षं ती याच घरात हीच जोडी वाजवतेय, आणि त्या जोडीचा मूळचा आवाज मला आठवेना. फार लाज वाटली. तसं सांगूनही टाकलं.
तिने हातोडी ठेवली. म्हणाली, "सकाळी पुन्हा बघू. तुम्ही पण बसा ऐकायला."