हिरण्यगर्भाचे विसर्जन

॥ श्री ॥
संकठा घाट, वाराणसी
कार्तिक वद्य पंचमी, शके १९२०

चिरंजीव देवव्रत यास काकांचे अनेक आशीर्वाद. तू व सौ. शरदिनी दिल्लीच्या थंडीत सुखरूप असा, ही विश्वेश्वरचरणी प्रार्थना. माझी प्रकृती ठीक आहे (ती ठीक असून उपयोग काय, हे पुढे कळेल).

तुझे श्वशुर कै. गोपीनाथपंत यांची रक्षा तू औषधाच्या कुपीतून विसर्जनार्थ पाठविलीस, ती मी देवघरात ठेवली. त्याच सुमारास येथील विश्वविद्यालयात रसायनशास्त्राचे संशोधन करणाऱ्या आमच्या नातीची, ऋताची, साधना फळास आली. ती ब्लॉक कोपॉलिमर नामक धागे वापरते. धाग्याचे एक टोक द्रवात रमते, दुसरे त्याचा द्वेष करते (आपल्या घराण्यात हे दोन स्वभाव निदान निरनिराळ्या व्यक्तींत तरी आहेत). द्वेष्टी टोके एकमेकांच्या आश्रयास जाऊन सूक्ष्म गोळे होतात. त्यांस मायसेल म्हणतात. त्यांच्या उदरात सोन्याचा क्षार शिरवून, हवा लागू न देता भट्टीत तापविले की कोळशाच्या कणाच्या गर्भी सुवर्णकण राहतो. ऐकून मला गहिवरून आले. हा तर साक्षात हिरण्यगर्भ! ती भुकटीही तिने तशाच एका औषधाच्या कुपीत भरली होती. दिल्लीच्या महासूक्ष्मदर्शकाखाली पाठविण्यापूर्वी ती कुपी एक रात्र देवापुढे ठेव, अशी आज्ञा मीच केली.

देवव्रता, त्या आज्ञेनेच घात केला. पहाटे मी कुपी उचलली, नावेतून मध्यधारेत गेलो आणि गोत्रोच्चार करून, तीळ सोडून, यथासांग विसर्जन केले. रक्षा काळी कुळकुळीत निघाली. नावाडी म्हणाला, "गुरुजी, ई राख हौ कि काजर?" मी त्यास देहाच्या अनित्यतेवर दोन श्लोक ऐकविले. घरी येताच ऋताने रिकामी कुपी ओळखली आणि उंबऱ्यातच बसली. "आजोबा, वो मेरी थीसिस थी!" एवढेच म्हणाली (शोकात तिची मराठी सुटते). तेव्हापासून अन्नास शिवत नाही. फलत्यागाचा श्लोक सांगू गेलो, तर ताटच सरकविले. पदवी अधांतरी आहे. जन्मभर परक्यांस तारणाऱ्या या भटाने स्वतःच्या नातीस बुडविले.

अधिक लिहिण्यास हात धजत नाही.

तुझा हतभागी,
विष्णुकाका

ता. क. वडिलांस सद्गती मिळाली, असे सौ. शरदिनीस तूर्त सांगू नये. मी नदीवर असता ऋताचा सहकारी तिची कुपी दिल्लीस नेण्यास आला आणि तुझ्या काकूने उरलेली कुपी, हळदकुंकू वाहून, त्याच्या हाती दिली. आमचा फोन लागेपर्यंत गोपीनाथपंतांचे परीक्षण झालेले होते.

ता. क. २. आताच दिल्लीचा निरोप आला. नमुन्यात कार्बन अल्प, चुना विपुल, परंतु सुवर्ण निःसंशय आहे (अंत्यसमयी त्यांच्या मुखी सोन्याचा मणी तूच ठेवला होतास ना?). तेथील शास्त्रज्ञ प्रसन्न असून, याच पद्धतीने आणखी नमुना करून पाठवावा, असे म्हणतात. ऋता हे ऐकून हसली आणि जेवली. मला मात्र घास उतरत नाही. तरी तू तातडीने जाऊन सासऱ्यांस सोडवून आण. पद्धत विचारल्यास मौन धरावे.